चौदा टनांची पाचर

गेल्या हिवाळ्यात कराडकडच्या एका शेती प्रदर्शनात दोन यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली पाहिली. दोन्हींचं काम एकच: ओंडका फोडून सरपण करायचं. पहिल्याला दोन जड लोखंडी चाकं होती आणि ती घुमत होती. विकणाऱ्या पोरानं दांडा ओढला की पाचर झेपावायची, ठाप् असा आवाज व्हायचा आणि सुबाभळीचा ओंडका दोन्हीकडे उडायचा. पापणी लवायच्या आत. दुसऱ्या यंत्रात चाक नव्हतं, एक चकचकीत दट्ट्या होता. तो जेवून उठलेल्या माणसासारखा सावकाश सरकायचा, ओंडक्याला टेकायचा. क्षणभर काहीच घडायचं नाही. मग लाकूड कण्हायला लागायचं आणि कुरकुरत दुभंगायचं.

गर्दीतल्या एका आजोबांनी पहिल्या पोराला विचारलं, "किती टनाचं म्हनायचं हे?"

पोरगं गडबडलं. "आजोबा, ह्याला टन नसतंय."

"आन् त्येला?"

"पंधरा टन!" दुसरा विक्रेता पलीकडून ओरडला.

"मग त्येच भारी," आजोबा म्हणाले आणि चहाच्या टपरीकडे निघाले. मी मात्र तिथेच अडकलो. ज्याला टनच नाहीत ते यंत्र ओंडका फोडतं कशानं? आणि तेही पंधरा टनवाल्याच्या आधी?

उत्तराची सुरुवात यंत्रात नाही, लाकडात आहे. कडब्याची पेंढी आठवून पाहा. ती मांडीवर घेऊन आडवी मोडायला गेलात तर दमाल, पण उभी चिरून दोन वाटे करायला पोर पुरतं. लाकूड म्हणजे अशीच पेंढी, फक्त तिचे धागे मिलिमीटरभर लांबीचे आणि लिग्निन नावाच्या डिंकानं एकमेकांना चिकटवलेले. झाडाला वाऱ्यात उभं राहायचं असतं, वरच्या फांद्यांचा भार पेलायचा असतो, म्हणून त्यानं सगळी मजबुती उभ्या दिशेनं ओतलेली असते. धाग्याला धागा धरून ठेवण्याच्या कामी त्यानं हात आखडता घेतला आहे. ओंडका फोडणारा माणूस झाडाच्या नेमक्या याच काटकसरीचा फायदा घेतो.

म्हणूनच फोडणं आणि कापणं या दोन वेगळ्या गोष्टी. करवत धागे तोडते. पाचर धागे तोडत नाही, त्यांना बाजूला सारते. ती आत शिरली की लाकडाची चीर पाचरीच्या पुढे पळते. पाचर दोन बोटं आत गेलेली असते आणि चीर वीतभर पुढे पोचलेली असते. पाचरीची धार तेव्हा हवेत असते, कशालाच टेकलेली नसते. त्यामुळे फोडायच्या कुऱ्हाडीला वस्तऱ्यासारखी धार लावण्यात अर्थ नसतो. तिला हवा असतो जाड, फुगीर गाल.

विट्याच्या बाजूला एका वखारीत एक म्हातारे गडी कुऱ्हाडीनं बाभूळ फोडताना मी पूर्वी पाहिले होते. ते आधी ओंडका उभा करून त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "आदी चीर बगायची. लाकडानं वाट आदीच पाडल्याली आसती." तेव्हा वाटलं, म्हातारा उगाच बोलतोय. पण ते शब्दशः खरं होतं. लाकूड वाळताना आक्रसतं, पण सगळीकडे सारखं नाही. गाभ्यापासून सालीकडे जितकं आक्रसतं त्याच्या साधारण दुप्पट ते घेराच्या दिशेनं आक्रसतं. घेर जास्त आवळला आणि त्रिज्या कमी, म्हणजे हा हिशेब जुळायचाच नाही. मग ओंडका स्वतःच गाभ्यापासून सालीपर्यंत तडकतो आणि हिशेब मिटवतो. वाळलेल्या ओंडक्याच्या तोंडावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा दिसतात त्या याच. म्हाताऱ्याची कुऱ्हाड नवी वाट पाडत नव्हती, आधीच्या वाटेनं चालत होती.

सगळी झाडं मात्र इतकी सरळमार्गी नसतात. खाटीक मांस तोडायला चिंचेचाच ओंडका का घेतो? दिवसभर सुरा मारला तरी तो फुटत नाही म्हणून. चिंचेचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. एक थर डावीकडे कललेला तर पुढचा उजवीकडे, त्यामुळे चिरेला सरळ वाटच मिळत नाही. बाभळीच्या बुंध्यात फांद्यांच्या गाठी असतात, आणि गाठ म्हणजे एका पेंढीत आडवी खुपसलेली दुसरी पेंढी. तिथे धागे बाजूला सारून भागत नाही, तोडावेच लागतात. सुबाभूळ बिचारी सरळ. प्रदर्शनात दोन्ही विक्रेत्यांनी सुबाभूळच आणली होती हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पाचरीबद्दल आणखी एक. आपल्या भाषेत पाचर मारणं म्हणजे कामात खोडा घालणं. पंचतंत्रातला तो माकडाचा प्रसंग आठवा. सुतारांनी अर्धवट चिरलेल्या खांबात खैराची पाचर ठोकून ठेवलेली असते, माकड ती उपटतं आणि फटीत सापडून मरतं. लहानपणी आपण त्याचं तात्पर्य पाठ केलं, पण त्यातलं पदार्थविज्ञान कुणी सांगितलं नाही. अर्धवट उघडलेलं लाकूड ताणलेल्या धनुष्यासारखं असतं, पाचरीनं दिलेली ऊर्जा त्याच्या दोन्ही बाजूंत वाकून बसलेली असते. पाचर काढली की ती ऊर्जा परत येते. खैराचीच पाचर का, हेही उघड आहे. ज्याच्यात शिरायचं त्याच्याहून कठीण लाकूड हवं.

आता चाकाकडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली बेळगाव सोडून कुंडलजवळच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर कारखाना हलवला. जागा दिली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तो माळ सांगली जिल्ह्यात आणि त्याचं नाव किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण तिथल्या सुरुवातीच्या मालात कडबा कापायचं यंत्रही होतं. तसल्या यंत्राचं ते भलंमोठं बिडाचं चाक अजून कुठल्यातरी गोठ्यात गंजत पडलेलं सापडेल. लहानपणी ते मी फिरवलं आहे. पहिली फेरी जिवावर यायची, दोन्ही हात लावून लोंबकळावं लागायचं. पाचव्या-सहाव्या फेरीला मात्र चाक आपल्याआपण चालायचं आणि कडबा खचाखच तुटायचा. पोराच्या मनगटात ती ताकद नव्हती. ती पहिल्या पाच फेऱ्यांची शिल्लक होती, पातं कडब्याला भिडलं की चाक ती खर्चायचं.

कुंभाराचं चाकही हेच करतं. काठीनं दोनचार गरके दिले की अख्खा डेरा उतरेपर्यंत फिरत राहतं. ओंडका फोडणाऱ्या त्या पहिल्या यंत्रातही नेमकं हेच, फ्लायव्हील. छोटी मोटर किंवा इंजिन पट्ट्यानं चाकांना फिरवत ठेवतं. दांडा ओढला की फिरणारा दातेरी गिअर एका दातेरी पट्टीला भिडतो, पट्टी पाचरीला (किंवा ओंडक्याला) पुढे फेकते आणि चाकांची सगळी साठवण एका दणक्यात लाकडात उतरते. मग स्प्रिंग पट्टीला मागे ओढून घेते.

कागदावर मांडून पाहू. समजा दोन चाकं, प्रत्येक ३५ किलोचं, ४० सेंटिमीटर व्यासाचं, वजन बहुतेक कडेला, मिनिटाला ३०० फेरे. त्यांत साठलेली ऊर्जा भरते १,४०० ज्यूलच्या आसपास. तुलनेला, अडीच किलोची कुऱ्हाड चांगल्या गड्यानं सेकंदाला दहा मीटरच्या वेगानं आणली तर तिच्यात सव्वाशे ज्यूल असतात. म्हणजे चाकाचा एक दणका हा अकरा घावांची बेरीज, आणि तोही एकाच चिरेवर, एकाच क्षणी. खर्च झालेली साठवण भरून यायला दोन एचपीची मोटर असली तरी एक सेकंद पुरतो. एवढ्यात आपला दुसरा ओंडका उचलूनही झालेला नसतो.

दुसऱ्या यंत्राचं मूळ फ्रान्समधलं. ब्लेझ पास्कल १६६२ मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी त्याचा द्रवांवरचा ग्रंथ छापून आला. त्यातली गोष्ट अशी: कोंडलेल्या द्रवाला एका ठिकाणी दाबलं की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर दहा किलो ठेवा, त्याच द्रवाला जोडलेल्या शंभर चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर हजार किलो उचलले जातील. जादू नाही, सौदा आहे. लहान दट्ट्या शंभर सेंटिमीटर खाली जाईल तेव्हा मोठा एक सेंटिमीटर वर येईल.

हे कळून सव्वाशे वर्षं उलटली तरी त्याचं यंत्र नीट चालेना, कारण एवढ्या दाबाला दट्ट्याच्या कडेनं पाणी गळायचं. १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामानं आपल्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेनं ही गळती थांबवली असं मानतात, आणि कशानं थांबवली तर चामड्याच्या वाटीसारख्या कडीनं. आत जितका दाब जास्त तितकी ती कडी फाकून भिंतीला घट्ट बसते. आपल्या सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर हा तिचाच भाऊबंद. आज पाण्याच्या जागी तेल आलं, चामड्याच्या जागी रबर आणि प्लास्टिक आलं, नाव ‘सील किट’ झालं. तरी मेकॅनिक दट्ट्या उघडल्यावर पहिल्यांदा तेच बघतो.

सातारा-सांगलीच्या माणसाला हे तेल अनोळखी नाही. ट्रॅक्टरचा नांगर उचलतं ते हेच. उसाची ट्रॉली उलटी करतं ते हेच. रेठऱ्याच्या किंवा साखराळ्याच्या कारखान्यात ऊस पिळला जातो तेव्हा वरचा रोलर तेलाच्या दाबानंच खाली दाबून धरलेला असतो. उसाची मोळी जाड आली तर तो थोडा वर सरकतो, दाब मात्र सोडत नाही.

ओंडका फोडणाऱ्या यंत्रात दहा सेंटिमीटर आतल्या व्यासाचा सिलिंडर घेतला तर दट्ट्याचं तोंड साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटरचं. तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला १७५ किलो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या ऐंशी-पंच्याऐंशी पट. गुणाकार करा: पावणेचौदा टन! विक्रेत्याचे पंधरा टन याच जातीच्या गुणाकारातून आलेले. मिनिटाला सोळा लिटर तेल ढकलणारा पंप असेल तर दट्ट्या सेकंदाला साडेतीन सेंटिमीटरही सरकत नाही, अर्धा मीटर जायला पंधरा सेकंद घेतो. म्हणून बहुतेक चांगल्या यंत्रांत दोन टप्प्यांचा पंप असतो. ओंडक्याला टेकेपर्यंत भरपूर तेल, कमी दाब, पळत जायचं. टेकल्यावर थोडं तेल, पूर्ण दाब, रेटायचं. ‘क्षणभर काहीच घडत नाही’ असं मला वाटलं होतं तो क्षण म्हणजे पंपाचा हा गिअर बदलण्याचा क्षण.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे. चाकवाल्या यंत्राला टन का नसतात? कारण त्याचा जोर यंत्र ठरवत नाही, ओंडका ठरवतो. १,४०० ज्यूल घेऊन आलेली पाचर मऊ लाकडात दहा सेंटिमीटर शिरून थांबली तर सरासरी जोर भरतो जेमतेम दीड टन. तीच पाचर कठीण लाकडात एका सेंटिमीटरमध्ये थांबली तर? चौदा टन! जवळपास तेवढाच, जेवढा पावणेचौदा टनांच्या सिलिंडरचा. पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी तो दोनदा तपासला. मुलानं ‘ह्याला टन नसतंय’ म्हटलं ते लाजून नव्हे, खरंच म्हटलं होतं. लाकूड जितकं अडेल तितके टन त्याच्यावर कोसळतात. खिळा हातानं दाबून भिंतीत जात नाही आणि हातोडीनं जातो, त्यामागचा हिशेब हाच.

मग तेल कशाला हवं? चाकाची थैली फार लवकर रिकामी होते म्हणून. एक सेंटिमीटरला चौदा टन मिळाले खरे, पण त्यानंतर हातात काहीच उरत नाही. गाठ मध्ये आली आणि पाचर अडली की चाकं मंदावतात, पट्टा घसरतो, पाचर ओंडक्यात रुतून बसते आणि घण घेऊन तिला सोडवावं लागतं. दट्ट्या मात्र पावणेचौदा टन पहिल्या सेंटिमीटरलाही देतो आणि पन्नासाव्यालाही. पूर्ण फेरीत तो सदुसष्ट हजार ज्यूल देऊ शकतो, चाकाच्या एका दणक्याच्या अठ्ठेचाळीस पट. गाठीला तो फोडत बसत नाही, सरळ कापत जातो. धागे तुटल्याचा आवाज येतो, फटफट, भाजक्या लाह्यांसारखा. फारच आडमुठं लाकूड निघालं तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल मुकाट टाकीत परत जातं. यंत्र मोडत नाही, फक्त नकार देतं. चाक म्हणजे गल्ल्यातली रोकड, चटकन हातात, चटकन खलास. तेल म्हणजे जुना सावकार, सावकाश मोजतो, पण मोजायचा थांबत नाही.

तेलाच्या तक्रारीही आहेत. उन्हाळ्यात जत-आटपाडीकडे दुपारी ते तापून पातळ होतं आणि दट्ट्या सुस्तावतो, म्हणून मेकॅनिक ‘अडुसष्ट नंबर’चं जाड तेल भरा म्हणतात. होजपाइप जुना झाला की बारीक भोक पडतं, आणि तेवढ्या दाबाची केसासारखी धार कातडीतून सरळ आत जाते. वरून मुंगी चावल्याएवढी खूण, आत तेल. तेव्हा गळती कधीही बोटानं चाचपू नये, पुठ्ठा धरून बघावी आणि तेल कातडीत गेलं असं वाटलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठावा.

यांत्रिक म्हणून आणखी एक प्रकार विकला जातो, ट्रॅक्टरच्या पीटीओला (मागच्या फिरत्या दांड्याला) किंवा मोटरला जोडायचा आटे पाडलेला शंकू. भोवऱ्यासारखा दिसतो. फिरत्या टोकाला ओंडका लावला की आटे त्याला आत ओढून घेतात आणि जाड होत जाणारा शंकू त्याला आतून फाडतो. कल्पना देखणी आहे, पाचरच गुंडाळून स्क्रू केलेली. पण हा शंकू थांबत नाही. ओंडका नीट अडवला नसेल तर तोच गरगरा फिरतो, आणि सदऱ्याची बाही, धोतराचा सोगा, पदर काहीही त्यात गुंततं. मला त्याचं कौतुक आहे, पण माझ्या माणसांना मी त्याच्याजवळ उभं करणार नाही.

एवढं सगळं फोडायचं कशाला, हेही विचारलं पाहिजे. गॅस घरोघरी पोचला तरी आपल्या दोन जिल्ह्यांत लाकूड संपलेलं नाही. सांगलीकडे हळद शिजवायला, खेड्यापाड्यांत न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाला, लग्नाच्या आचाऱ्याला, घाटमाथ्यावरच्या थंडीला, आणि नदीकाठच्या स्मशानात ते लागतंच. न फोडलेला ओंडका पेटत नाही तो नुसता जाड आहे म्हणून नव्हे, ओलाही राहतो म्हणून. साल ही झाडाची कातडी, पाणी आत ठेवण्यासाठीच केलेली. तीस सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्याचे चार तुकडे केले की हवेला मिळणारी कड ९४ सेंटिमीटरवरून २१४ वर जाते, आणि वाढलेली सगळी कड उघडी, सालीविना. ओल निघायला वाट मिळते. ओलं लाकूड जाळलं तर त्याच्या उष्णतेतला काही भाग स्वतःचंच पाणी उकळण्यात जातो, वरून धूर डोळ्यांत. नीलगिरी तर तोडल्यातोडल्या ओली असतानाच फोडावी, वाळली की हट्टाला पेटते. आणि फोडायचं म्हणून बांधावरची चिंच, आंबा, जांभूळ तोडायला जाऊ नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ही झाडं आहेत, परवानगी लागते.

मग घ्यायचं कुठलं? हळदीच्या हंगामात ट्रॉली-ट्रॉली बाभूळ आणि वेडीवाकडी खोडं फोडायची असतील तर तेलाचं घ्या. वेळ जाईल, पण शेवटचा गाठाळ ओंडकाही पडून राहणार नाही. वखारीत सुबाभळीची थप्पी लागत असेल, सरळ लाकूड आणि भरपूर संख्या, तर चाकाचं घ्या, दट्ट्या एक फोडेल तेवढ्यात ते चारपाच उडवेल. दोन्हींत ओंडका धरायला दुसरा माणूस उभा करू नका, जो ओंडका ठेवतो त्यानंच दांडा ओढावा. बहुतेक बोटं जातात ती दोघांच्या घाईत. आणि विकत घेताना विक्रेत्यानं आणलेली सुबाभूळ फोडून बघू नका, घरून गाठीची बाभूळ घेऊन जा.

माझ्या घरच्या बंबाला वर्षभर लागणारं सरपण चार रविवारी कुऱ्हाडीनं फुटतं. मी दोन्हींपैकी एकही घेतलं नाही.